मोहफुलांची म्हातारी

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या आमच्या स्टुडिओत नव्या मुलांना चार मिनिटांची एक फिल्म दाखवत होतो. पडद्यावर साबणाचा एक घोडा हळूहळू विरघळत होता. प्रज्ञा माझ्या मित्राची, रत्नपालची, एकुलती एक मुलगी. ती म्हणाली, "काका, बाबा गेले... सकाळी शाळेत जाची तयारी करून राह्यले होते. बुटाची एक लेस बांधली, दुसरी बांधाची राह्यली." मी "निघतो" म्हणालो आणि निघालो नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही नाही. रत्नपालच्या बायकोला मी रस्ता लांबचा असल्याचं कारण दिलं. रस्ता लांब आहेच, पण ते कारण खोटं होतं. कुरखेड्याजवळच्या त्याच्या अंगणात कुणीतरी उठून "हे रत्नपालचे जिवलग मित्र" अशी माझी ओळख करून देईल आणि मला ती मान खाली घालून ऐकून घ्यावी लागेल, याची मला भीती वाटत होती. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. ही भीती कशाची होती ते सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

आम्ही भेटलो नागपुरात, चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी, अ‍ॅनिमेशनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात. मी सिंदेवाहीचा, धानाच्या शेतीवर जगणाऱ्या घरातला. तो कुरखेडा तालुक्यातला, शेतमजूर आईबापाचा. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून त्यानं विचारलं, "तू सिंदेवाहीचा होय? मंग आपल्यातलाच हायेस बे. इथी तं सारे साहेबलोक दिसून राह्यले मले." महिन्याभरात आम्ही एका खोलीत राहायला लागलो. आमच्या सरांकडे एक खोकं भरून सीडी होत्या, देशोदेशीच्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म, कुठली दोन मिनिटांची, कुठली दहा. शेवटच्या वर्षी प्रत्येक जोडीनं मिळून एक फिल्म बनवायची होती, आणि तिच्यासाठी काहीतरी सुचावं म्हणून दुपारचे दोन तास पडदे ओढून सर आम्हाला त्या फिल्म दाखवत. आम्ही सगळे वहीत गोष्टी उतरवून घ्यायचो, नायक कोण, शेवट काय. रत्नपालच्या वहीत फक्त शब्द असत. वाळू. लोकर. काच. जुने कागद, चहाचे डाग. मी त्याला चिडवलं, "अबे, गोष्ट लिही ना. किराण्याची यादी काऊन बनवून राह्यला?" तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "गोष्टी आपल्याकडं बहुत हायेत. मले हे पाहू दे का या लोकाइले आपल्या घरात काय सापडलं."

लोकरीच्या मांजरीची एक फिल्म त्यानं सरांना विनवून तीनदा लावायला लावली होती. ती बनवणारी बाई कुठल्या तरी बर्फाळ गावातली होती. बाहेर पडल्यावर पानटपरीशी उभा राहून तो म्हणाला, "त्या बाईच्या गावात थंडी हाये, म्हणून घरात लोकर हाये, म्हणून मांजर लोकरीची. आता माह्या घरी काय हाये सांग." मी म्हणालो, "मच्छर." तो इतका हसला की टपरीवाल्यानं वाकून पाहिलं. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. तीन दिवसांनी सकाळी दात घासता घासता, तोंडात फेस तसाच ठेवून, तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मोह."

मला ती कल्पना आवडली नाही. संगणकावर चालणारा एक यंत्रमानव माझ्या मनात होता, आणि खरं सांगायचं तर त्याची चालसुद्धा मी त्या खोक्यातल्याच एका फिल्ममधून उचलली होती. मी म्हणालो, "परीक्षक हैदराबादहून येणार. त्यांच्यापुढे मोहफुलं ठेवली तर म्हणतील, गडचिरोलीचे पोट्टे दारूचा वास घेऊन आले." तो म्हणाला, "येऊ दे वास. चांगलाच असते." शेवटी ठरलं असं की तो गावी जाऊन चित्रण करील, आणि मी नागपुरात बसून फोटो जोडीन, आवाज टाकीन. मार्चच्या अखेरीस, मोह गळायला लागला तसा, तो संस्थेचा कॅमेरा पिशवीत घालून गेला. मी त्याच्याबरोबर गेलो नाही. आवाजाची तयारी करतो असं त्याला सांगितलं आणि दहा दिवस माझा यंत्रमानवच चालवत बसलो. म्हणजे ती फिल्म झाली तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचं जे सांगतो आहे ते त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि त्यानं ते मला खोलीभर फिरत, हात उडवत, पाचसहा वेळा तरी सांगितलं होतं.

पहाटे वेचून आणलेल्या ताज्या, टपोऱ्या, पिवळसर फुलांची एक म्हातारी त्यानं सुपात उभी केली. अंगावर लुगडं, डोक्यावर बुचडा, हातात टोपली, सगळं फुलांचंच. थोडं हलवायचं, एक फोटो काढायचा, पुन्हा थोडं हलवायचं. सेकंदाला बारा फोटो. चाळीस फोटो काढून तो जेवायला गेला. परत येऊन पाहतो तर म्हातारी बारीक झालेली. आधी त्याला वाटलं कोंबडीनं टोचली. दुसऱ्या दिवशी नवी म्हातारी केली, कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या, आणि दुपारी पुन्हा तेच. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. "अबे दिल्या, जन्मभर आमी अंगणात मोह वाळू घातला," तो कपाळावर हात मारून सांगायचा, "अन् मोह वाळते हेच मले आठवलं नाई! इथी बसून फिल्मा पाहू पाहू डोक्यात लोकर बसली ना. लोकर कुठी वाळते?" त्याची माय ओट्यावरून तमाशा पाहत होती. ती म्हणाली, "मोह वाळणार नाई तं काय उगवणार?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "माय, माह्यी म्हातारी मरून राह्यली." त्यावर ती म्हणाली, "वाळला म्हणजे मेला काय रे? वाळला म्हणजे टिकला."

तिसऱ्या दिवशी त्यानं म्हातारीला वाळू दिलं. तिला चालवायचं काम तो करत होता, वाकवायचं काम ऊन. फिल्ममध्ये ती सकाळी भरल्या अंगानं निघते, झाडाखाली फुलं वेचते. दुपारपर्यंत तिची पाठ आपोआप वाकते, रंग तांबूस होतो. संध्याकाळी ती वाळत घातलेल्या फुलांमध्ये टेकते, आणि मग त्या पसाऱ्यात ती कुठली आणि बाकीची फुलं कुठली ते ओळखू येत नाही. दोन मिनिटं, बस. नागपुरात मी ते फोटो जोडून त्याला दाखवले तेव्हा त्यानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितले. मग म्हणाला, "माय दिसून राह्यली बे." नाव त्यानंच ठेवलं, 'वाळवण'. मी तिला आवाज दिला. ओल्या कापसाचे बोळे वर्तमानपत्रावर टाकून फूल पडल्याचा टप् असा आवाज केला, पळसाच्या वाळक्या पानांवर खराटा फिरवला. ते काम मी मन लावून केलं होतं. माझं तेवढंच होतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी त्याच्या मायचा मलेरिया डोक्यात चढला आणि तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. निघताना तो म्हणाला, "दिल्या, तू सांभाळ." परीक्षक एका स्टुडिओचे होते, आणि दोन मुलांना ते बरोबर घेऊन जाणार अशी बातमी वर्गात पसरली होती. फिल्मच्या सुरुवातीला आम्ही पाटी घातली होती, 'कल्पना आणि चित्रण : रत्नपाल. ध्वनी आणि जोडणी : दिलीप.' परीक्षेच्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये एकटा होतो. मी ती पाटी बदलली. 'कल्पना आणि दिग्दर्शन : दिलीप. साहाय्य : रत्नपाल.' याला दोन मिनिटं लागली असतील, फिल्मला लागतात तेवढीच... मी ते नीट केलं, अक्षरांचा आकारही जुळवला. परीक्षकांनी विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?" आणि मी लोकरीच्या मांजरीपासून सुरुवात केली. थंडी, लोकर, माझ्या घरी काय आहे, फुलं वाळतात हेच कसा विसरलो, सगळं. रत्नपालची वाक्यं मी शुद्ध मराठीत बोलून दाखवली. मच्छरचा विनोदसुद्धा सांगितला. ते हसले. महिन्याभरात मी हैदराबादला रुजू झालो.

त्याआधी तो एकदा नागपूरला आला. माय बरी झाली होती. म्हणाला, "लाव ना, मोठ्या पडद्यावर पाहू." मला नाही म्हणता येईना. पाटी आली. मी पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत होतो. त्यानं ती वाचली. वाचायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ त्याचे डोळे तिथे राहिले. मग फिल्म सुरू झाली आणि तो ती शेवटपर्यंत बघत राहिला. दिवे लागल्यावर म्हणाला, "आवाज मस्त टाकला बे तू." एवढंच. बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो. मी शिवीची वाट पाहत होतो, थपडेची वाट पाहत होतो. त्यानं चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि चमच्यासाठी तो टपरीवाल्याशी भांडला. जे माझं होतं तेवढ्याचंच त्यानं कौतुक केलं, आणि जे त्याचं होतं त्याबद्दल पुढे वीस वर्षं एक अक्षर काढलं नाही.

तो कुरखेड्याजवळच्या एका निवासी शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला. दर शनिवारी दुपारी वर्गाच्या भिंतीला चादर बांधून तो पोरांना छोट्या फिल्म दाखवायचा आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारायचा, "कशानं बनवलं?" भामरागडकडच्या मुली पहिलं वर्षभर तोंड उघडायच्या नाहीत, म्हणायचा, पण या प्रश्नाला उठून चादरीपाशी येतात आणि बोट लावून पाहतात. त्या फिल्म मी पाठवायचो. हे माझं प्रायश्चित्त, असं मी स्वतःला समजावत होतो. महिन्याला एक शोधायची आणि पाठवायची. त्याचं उत्तर एका शब्दाचं यायचं. 'साबण.' 'राख.' एकदा आलं, 'हे तं आपले तांदूळ हायेत बे!' एखादी चांगली फिल्म हाती लागली की आधी मला त्याच्या त्या शब्दाची ओढ लागायची. नोकरीत, माणसांत, वाढत्या पोटात माझं जे काही चाललं होतं त्यात महिन्यातून एकदा कुणीतरी मला 'बे' म्हणायचं... आता कुणी म्हणत नाही. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी एक फिल्म पाठवली होती. ती त्याला पोचल्याची खूण माझ्या फोनवर अजून आहे. त्यानं पाहिली की नाही, मला कळणार नाही. ती बर्फाची होती.

एकदा मी बोलायचा प्रयत्न केला. माझे वडील वारले तेव्हा तो सिंदेवाहीला आला होता, दोन दिवस राहिला. पाहुण्यांच्या पंगती वाढल्या, माझ्या आईच्या शेजारी बसून राहिला. त्याला बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो आणि ब्रह्मपुरीची गाडी लागल्यावर म्हणालो, "रत्नपाल, त्या फिल्मचं..." तो पायरीवर चढत म्हणाला, "अबे, गाडी सुटून राह्यली, फोनवर बोल." पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत आलो की त्यानंच विषय टाळला. पण दोन दिवस तो माझ्या घरी होता आणि मी तोंड उघडलं ते कंडक्टरनं घंटी वाजवल्यावर. फोनवर तर त्यानंतर शंभरदा बोललो.

मार्चच्या शेवटी प्रज्ञाचा पुन्हा फोन आला. ती नागपुरात अ‍ॅनिमेशन शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. "काका, प्रोजेक्टसाठी आमाले छोट्या फिल्मा पाहाले सांगितल्या. सरांनी 'वाळवण' लावली. मी म्हटलं, सर, ही तं मले पाठ हाये. बाबांनी मले लहानपणापासून पन्नासदा दाखवली. पाह्य म्हणे, तुह्या काकाची फिल्म." ती पुढे म्हणाली, "मी पण मोहाची फिल्म करून राह्यली. बाबासाठी. घरी आली आहो. पण माह्यी बाई उभी राहत नाई काका, दहाव्या फोटोले पडते. तुमी काय लावलं होतं? डिंक लावला तं काळा डाग दिसते." मला उत्तर माहीत नव्हतं. वीस वर्षं त्या फिल्मवर माझं नाव होतं, मुलाखतींत मी तिच्याबद्दल बोललो होतो, आणि फुलं उभी कशी राहिली हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही त्याला विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "येऊन सांगतो." या वेळी मात्र निघालो. चंद्रपूरला उतरलो, मूल गावावरून जाणारी गाडी धरली, सिंदेवाही आली तरी उतरलो नाही. वडशापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाच्या झाडांखालची जागा फुलं वेचण्यासाठी झाडून ठेवलेली दिसत होती, आणि प्रत्येक स्वच्छ गोलात कुणी ना कुणी वाकलेलं.

रत्नपालची बायको रानात मोह वेचायला गेली होती. घरात मागची खोली त्याच्या कामाची. खिडकीला काळं कापड, मधे टेबल, टेबलावर सूप, सुपात आडवी पडलेली फुलांची बाई. प्रज्ञा वही उघडून बसली होती. म्हणाली, "सांगा."

"मले माहीत नाई," मी म्हणालो. किती वर्षांनी माझ्या तोंडात ती बोली आली.

"विसरले?"

"नाई. मी इथं नव्हतोच, पोरी. ही फिल्म तुह्या बाबाची आहे."

मग मी पाटीपासून परीक्षेपर्यंत सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसंच. तिनं मधे एकदाच विचारलं, "बाबाले माहीत होतं?"

"पाटी त्यानं माझ्या शेजारी बसून वाचली."

"अन् मले म्हणत होते, मी फक्त मदतीले होतो..." ती उठून बाहेर गेली. हापशाचा आवाज आला, बराच वेळ. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि आवाज बापासारखा खालच्या पट्टीत. "काका, हे त्याइले सांगाचं होतं ना. मले काऊन सांगून राह्यले? मी माफ करू म्हणून? मी कोण माफ करणारी?" मी म्हणालो, मला माफी नको. "मंग मोकळं व्हाले आले तुमी." ती म्हणाली, "माह्या कानात नोका सांगू. जिथं लोकं वाचतात तिथं लिहा. बाबाचं नाव लिहा, तुमचं बी लिहा. अन् थे पाटी बदला."

पाटी मी त्याच टेबलाशी बसून बदलली. मूळ फिल्म माझ्या लॅपटॉपवरच होती. संस्थेला पत्र पाठवलं, माझ्या स्टुडिओतही सांगितलं. 'वाळवण' ही रत्नपालची फिल्म आहे. तिचा आवाज माझा आहे. हे इथे लिहिण्यासाठी मी लेखणी हातात घेतली, आणि त्याला ते वाचता येणार नाही हे प्रत्येक ओळीला आठवत राहिलं.

पण त्या दिवशी प्रश्न तसाच पडून होता, सुपातल्या बाईसारखा. आम्ही दोघं सुपाच्या दोन बाजूंना बसलो होतो. तेवढ्यात रत्नपालची माय भिंत धरत आत आली. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे असेल. किती ऐकलं होतं कोण जाणे. "झालं काय तुमचं?" ती म्हणाली. "फूल उभं राहत नाई म्हणते पोट्टी. मले तं कोणी विचारतच नाई." प्रज्ञा म्हणाली, "तुले माहीत हाये आजी?" "तीन दिवस त्यानं मले चूल पेटवू देली नाई, धूर येते म्हणे. समोर बसून पाहू नाई तं काय करू?" तिनं खराट्याची एक काडी मोडून मागितली, दातांनी तिचं टोक बारीक केलं आणि फुलाच्या तोंडातून ती अलगद आत सारली. "देठाकडून टोचशील तं फाटते. तोंडाकडून घाल." एकावर एक फुलं ओवत तिनं बाई उभी केली. बाई राहिली उभी.

प्रज्ञानं मोबाइल स्टँडवर नीट केला, बोट पुढे नेलं. "थांब वं!" माय ओरडली. "आधी श्वास धर. थो म्हणे, माय, तुह्या श्वासानं फूल हालते." आणि तिनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबला. आम्हीही श्वास धरला. फोटो निघाला. मायनं पदर काढला, मोठा श्वास सोडला. प्रज्ञानं फुलाचा हात केसभर उचलला. मायनं पुन्हा पदर दाबला. चूल त्या दिवशीही पेटली नाही. दुपारपर्यंत आमची चार सेकंदं झाली, आणि प्रत्येक फोटोआधी त्या खोलीत आम्ही तिघं रत्नपालनं सांगितल्याप्रमाणे श्वास धरून उभे होतो.